तारली : पावसाळ्यावर जगणारी मासळी

दसरा-दिवाळीच्या सुमारास दक्षिण कोकणातील मासळीबाजारात टोपल्याच्या टोपल्या भरून येणारी तारली ही प्रतिष्ठेची मासळी नव्हे. पापलेट, सुरमई किंवा कोळंबी यांच्या पंक्तीत तिला कोणी बसवीत नाही आणि पाहुण्यांच्या पानातही ती क्वचितच वाढली जाते. तथापि मोलमजुरी करणाऱ्या कुटुंबाला कमी खर्चात सकस अन्न पुरविण्याचे काम पश्चिम किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या जिने केले, ती मासळी हीच होय. गोव्यात ती तारले म्हणून ओळखली जाते, मंगळूरकडे तिला भूताई म्हणतात, तर केरळात मत्ती किंवा चाळा ही तिची नावे घरोघरी रूढ आहेत. शास्त्रीय ग्रंथांत तिची नोंद ‘सार्डिनेला लाँगिसेप्स’ अशी आहे. लाँगिसेप्स म्हणजे लांब डोक्याची. फ्रेंच शास्त्रज्ञ वालाँसिएन यांनी पाँडिचेरी येथे मिळालेल्या नमुन्यांवरून १८४७ मध्ये तिचे हे नामकरण केले.

एवढ्या परिचयाच्या या मासळीविषयी एक गोष्ट मात्र बाजारात उभे राहून समजत नाही. ती म्हणजे तिचा विलक्षण लहरीपणा. काही वर्षे ती इतकी येते की टोपलीला गिऱ्हाईक मिळत नाही. पुढे काही वर्षे अशी जातात की जाळी कोरडी परततात. हा लहरीपणा का, त्यातला किती भाग निसर्गाचा आणि किती माणसाचा, या प्रश्नाने गेली शंभर वर्षे संशोधकांना आणि शासनांना गुंतवून ठेवले आहे.

ओळख

तारली ही हेरिंग माशांच्या कुळातील होय. हेरिंग हा थंड समुद्रांतला मासा. त्याचे उष्ण कटिबंधातील नातेवाईक म्हणजे तारली, पेडवे आणि त्यांच्या अनेक लहानमोठ्या जाती. खाडीच्या मुखाशी डोल जाळ्यांत सापडणारी मांदेली ही देखील याच गणातील, परंतु तिचे कूळ निराळे. या बहुतेक माशांच्या पोटाच्या कडेला खवल्यांची धारदार, करवतीसारखी ओळ असते. उलट्या दिशेने बोट फिरविल्यास ती चटकन जाणवते. तारलीचे अंग लांबट, जवळजवळ गोलसर असते. पाठ निळसर-हिरवी, बाजू चंदेरी. कल्ल्याच्या झाकणाच्या मागील कडेस एक ठळक काळा ठिपका असतो आणि त्याच्या मागे फिकट सोनेरी छटा दिसते. डोके शरीराच्या मानाने लांब, म्हणजे शेपटी सोडून मोजलेल्या लांबीच्या जवळजवळ एकतृतीयांश असते. पेडव्यांपासून तिला वेगळे ओळखण्यास ही खूण पुरेशी पडते. पूर्ण वाढलेली तारली क्वचित तेवीस सेंटिमीटरपर्यंत जाते. बाजारात येणारी बहुधा पंधरा ते अठरा सेंटिमीटरची असते. तिचे आयुष्य जेमतेम अडीच-तीन वर्षांचे.

कल्ल्याचे झाकण उचलून पाहिल्यास तिच्या जीवनाचे मर्म सापडते. कल्ल्यांच्या कमानींना आतल्या बाजूने शेकडो बारीक केसरांची झालर असते. तोंडातून घेतलेले पाणी कल्ल्यांवाटे बाहेर पडताना या झालरीतून गाळले जाते आणि पाण्यातील सूक्ष्म वनस्पती व जीव आत अडकतात. शाळेतील शिक्षकांनी बाजारातील एक तारली आणि एक बांगडा आणून दोन्हींचे कल्ले विद्यार्थ्यांपुढे उघडून दाखविले, तर प्राणिशास्त्राचा एक धडा फारशा सामग्रीविना शिकविता येईल. बांगड्याची गाळणी तुलनेने विरळ, तारलीची दाट. म्हणूनच डायाटम या एकपेशीय वनस्पतीसारखे अतिसूक्ष्म खाद्य तिला थेट उपयोगी पडते. मोठा मासा लहान माशाला खातो, लहान मासा त्याहून लहानाला, अशा लांबलचक साखळीत प्रत्येक पायरीवर अन्नाचा बराच अंश वाया जातो. तारली साखळीच्या अगदी खालच्या पायरीवर असल्याने समुद्र तिला एवढ्या प्रचंड संख्येने पोसू शकतो.

पावसाळा आणि तळचे पाणी

मग हे सूक्ष्म खाद्य येते कोठून? याचे उत्तर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांत आहे. जून ते सप्टेंबर या काळात भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत, विशेषतः केरळ आणि कर्नाटकासमोर, वाऱ्याचा रोख बराचसा किनाऱ्याला समांतर, उत्तरेकडून दक्षिणेकडे असतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेले पृष्ठभागाचे पाणी उजव्या हाताला वळते. दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिल्यास उजवा हात खोल समुद्राकडे येतो. तेव्हा किनाऱ्यालगतचे वरचे पाणी बाहेर लोटले जाते आणि त्याची जागा घेण्यास तळचे थंड पाणी वर येते. या पाण्यात नत्र, स्फुरद आदी क्षार भरपूर असतात. शेतात खत पडावे तसे ते पृष्ठभागाला मिळते, सूर्यप्रकाश मिळताच डायाटमची बेसुमार वाढ होते आणि समुद्राचे पाणी काही ठिकाणी हिरवट-तपकिरी दिसू लागते.

तारलीचा प्रजननकाळ नेमका याच सुमारास येतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत, विशेषतः पावसाच्या ऐन भरात, मादी हजारो अंडी पाण्यात सोडते. ती पाण्यावर तरंगतात आणि सुमारे एका दिवसात फुटतात. पिल्लांना पहिल्या काही दिवसांत योग्य आकाराचे खाद्य मिळाले तर त्यांतील पुष्कळ जगतात, न मिळाले तर जवळजवळ सर्व मरतात. अंडी किती पडली यापेक्षा पिले किती तगली यावर पुढील हंगाम ठरतो आणि पिले तगणे हे पाऊस, वारा व तळच्या पाण्याचे वर येणे यांच्या मेळावर अवलंबून असते.

हा मेळ नाजूक आहे. तळचे पाणी क्षारांनी समृद्ध असले तरी त्यात प्राणवायू कमी असतो. ते बेताने वर आले तर हितकारक. फार जोराने आणि किनाऱ्याच्या फार जवळ आले तर मासळी गुदमरून तेथून हटते. पाऊस वेळेवर सुरू झाला नाही, मध्येच फार दिवस खंड पडला किंवा समुद्राचे तापमान अवाजवी वाढले, तर अंडी आणि डायाटमचा बहर यांची गाठ पडत नाही. १९५५ मध्ये आर. व्ही. नायर आणि आर. सुब्रह्मण्यन या शास्त्रज्ञांनी ‘फ्रॅजिलेरिया ओशनिका’ नावाचा डायाटम पाण्यात विपुल असला की तारलीही विपुल येते असे दाखवून दिले. समुद्रातील एका सूक्ष्म वनस्पतीवरून मासेमारीचा अंदाज बांधण्याचा आपल्याकडील तो आरंभीचा आणि मोठा कल्पक प्रयत्न होता.

महाराष्ट्राच्या दृष्टीने यातून एक गोष्ट उलगडते. तळचे पाणी वर येण्याची क्रिया केरळ-कर्नाटकाकडे प्रबळ आणि गोव्यापासून उत्तरेकडे क्रमाने क्षीण होत जाते. परंपरेने तारलीचा मुख्य पट्टा ८ ते १६ अंश उत्तर अक्षांशांच्या दरम्यान मानला जात असे. सिंधुदुर्गाचा दक्षिण भाग या पट्ट्याच्या टोकाला लागतो. पावसाळा संपल्यावर थवे किनाऱ्याकडे सरकत येतात, तेव्हा वेंगुर्ले-मालवणला तारली दिसते आणि मुंबई-पालघरकडे मात्र बोंबील, मांदेली व जवळा यांचेच राज्य असते. अलीकडच्या दशकांत मात्र तारली पूर्वीच्या सीमा ओलांडून उत्तरेकडे, तसेच तामिळनाडू व आंध्र प्रदेशाच्या पूर्व किनाऱ्यावरही मोठ्या प्रमाणात मिळू लागली. समुद्राचे पाणी तापत चालल्याचा हा परिणाम असावा, असे काही संशोधकांचे मत आहे.

चढ-उताराची शंभर वर्षे

मलबारात तारलीचा उपयोग केवळ खाण्यापुरता नव्हता. तिच्या अंगात तेल भरपूर. ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत तर ते विशेष असते. मासळी उकळून, दाबून काढलेले हे तेल होड्यांच्या फळ्यांना लावले जाई, तर उरलेला चोथा कॉफी, तंबाखू आणि नारळाच्या बागांना खत म्हणून पडे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मद्रास इलाख्यातील मत्स्य खात्याचे प्रवर्तक सर फ्रेडरिक निकल्सन यांनी या धंद्याला शास्त्रशुद्ध वळण देण्याचे प्रयोग केले आणि पाहता पाहता मलबार व दक्षिण कानडा जिल्ह्यांच्या किनाऱ्यांवर तेल व खताचे छोटे कारखाने उभे राहिले. त्यांच्यानंतर आलेल्या जेम्स हॉर्नेल यांनी तारलीच्या जीवनक्रमाचा पद्धतशीर अभ्यास केला.

आणि मग, १९४० च्या दशकाच्या पूर्वार्धात, तारली जवळजवळ नाहीशी झाली. मद्रास सरकारने १९४३ मध्ये काही प्रकारच्या जाळ्यांवर आणि लहान तारली पकडण्यावर निर्बंध घातले. किनाऱ्यावरील असंतोष आणि अंमलबजावणीची अडचण यांमुळे ते टिकले नाहीत. काही वर्षांतच मागे घेण्यात आले. पुढे मासळी परतली, ती निर्बंधांमुळे की निसर्गक्रमाने, याचा उलगडा त्या वेळच्या साधनांनी होणे शक्य नव्हते. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९७१ पासून कोचीन येथे मुख्यालय असलेल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने किनाऱ्यावर उतरणाऱ्या मासळीची नमुना पद्धतीने नियमित मोजणी सुरू केली, तेव्हापासूनच या प्रश्नाचा विचार आकड्यांच्या आधारे करता येऊ लागला.

ते आकडे बोलके आहेत. १९६८ मध्ये देशातील तारलीचे उत्पादन तीन लाख टनांच्या घरात गेले. १९९४ मध्ये ते पन्नास हजार टनांच्याही खाली आले. २०१२ मध्ये सात लाख टनांची मर्यादा ओलांडून विक्रम झाला आणि त्यातला निम्म्याहून अधिक वाटा एकट्या केरळचा होता. त्यानंतर घसरण सुरू झाली. २०१५-१६ च्या प्रबळ एल निनोने, म्हणजे प्रशांत महासागराच्या पाण्याची असाधारण तापण होऊन जगभरचे हवामान बदलण्याच्या घटनेने, तिला गती दिली. २०२१ मध्ये केरळात अवघी ३,२९७ टन तारली उतरली. नऊ वर्षांपूर्वी जेथे सुमारे चार लाख टन मासळी आली होती, तेथे एक टक्काही राहिली नाही! पुढच्याच वर्षी मात्र हा आकडा लाखाच्या वर गेला. एवढी उसळी घेण्याची क्षमता इतर फार थोड्या माशांत असेल. एका वर्षात वयात येणारी आणि हजारोंनी अंडी घालणारी मासळी अनुकूल ऋतू लाभताच सावरते. पण सावरण्यासाठी समुद्रात पुरेशा माद्या शिल्लक असाव्या लागतात, हे ओघानेच आले.

२०१२ नंतरच्या घसरणीचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी दोष एकट्या हवामानावर टाकलेला नाही. विक्रमी वर्षांतील बेसुमार उपसा, त्यातही न वाढलेल्या पिलांची मासेमारी आणि त्यावर प्रतिकूल समुद्र, अशी ही तिहेरी गाठ होती. निसर्गाचे चढ-उतार पूर्वीही होते. परंतु ओहोटीच्या वर्षांत मासळीला विसावा मिळत असे, कारण तिला शोधून काढण्याची साधने मर्यादित होती.

रापण ते पर्ससीन

साधनांतील हा बदल कोकणाने जवळून पाहिला आहे. मालवण-वेंगुर्ल्यापासून गोवा-कारवारपर्यंत तारली आणि बांगडे पकडण्याची जुनी रीत म्हणजे रापण. किनाऱ्यावरून टेहळणी करणारा जाणता मनुष्य पाण्याचा बदललेला रंग, वर घिरट्या घालणारे पक्षी किंवा रात्रीच्या वेळी पाण्यात उमटणारी चमक पाहून थवा हेरी. होडीतून जाळे अर्धवर्तुळात टाकले जाई आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून गावकरी ओढीत. ओढायला हात लावणाऱ्या प्रत्येकाचा वाटा ठरलेला. विधवा, वृद्ध यांनाही मासळीचा घास मिळे. या पद्धतीला एक नैसर्गिक मर्यादा होती, ती अशी की थवा किनाऱ्यापाशी येईपर्यंत माणसाला थांबावे लागे.

पर्ससीन जाळ्याने ही मर्यादा काढून टाकली. यांत्रिक नौका थव्याला वेढा घालते आणि जाळ्याच्या तळाची दोरी ओढून त्याचा बटवा बंद करते. आतील मासळीला खालून निसटण्यास वाट उरत नाही. १९७० च्या दशकात ही जाळी गोवा-कर्नाटकाच्या किनाऱ्यावर झपाट्याने पसरली. केरळात १९८० च्या दशकात रिंगसीन हा तिचाच भाऊबंद आला. गोव्यातील रापणकारांचे आंदोलन याच संघर्षातून उभे राहिले आणि किनाऱ्यावरील राज्यांनी मासेमारी नियमनाचे कायदे केले. गोव्याचा व केरळचा कायदा १९८० चा, तर महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचे नियमन राज्याच्या अखत्यारीत येते. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीन नौकांच्या संख्येवर, क्षेत्रावर आणि हंगामावर निर्बंध घातले, तर २०२१ मध्ये अधिनियमात दुरुस्ती करून दंडाच्या तरतुदी कडक केल्या. कृत्रिम प्रकाशझोत टाकून मासळी गोळा करण्यास केंद्र शासनाने २०१७ मध्ये बंदी केली. तरीही सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या समुद्रात पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनधारक यांच्यातील तंटे मिटलेले नाहीत, ही वस्तुस्थिती किनाऱ्यावरील कोणत्याही पंचायतीला सांगावी लागणार नाही.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. तारलीच्या प्रजननाचा बराचसा काळ या बंदीत येतो. पण सगळा नव्हे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अंड्यांनी भरलेल्या माद्या आणि बोटभर पिले दोन्ही समुद्रात असतात, आणि मासेमारीचा जोर नेमका तेव्हा सर्वाधिक असतो.

दहा सेंटिमीटरचा प्रश्न

केरळ शासनाने २०१५ मध्ये काही जातींच्या माशांची किमान कायदेशीर लांबी निश्चित केली. तारलीसाठी ती १० सेंटिमीटर आहे. महाराष्ट्रानेही नोव्हेंबर २०२३ मध्ये ५४ जातींसाठी अशा मर्यादा घोषित केल्या. वस्तुतः तारली वयात येते ती सुमारे १५ सेंटिमीटरची झाल्यावर, म्हणजे जवळजवळ वर्षभराने. तेव्हा १० सेंटिमीटर ही मर्यादा मासळीच्या सोयीपेक्षा मच्छीमाराच्या सोयीने ठरलेली तडजोड म्हणावी लागेल. तीही पुष्कळदा पाळली जात नाही. बोटभर तारलीला खाणारा गिऱ्हाईक नसतो, पण मत्स्यकुटी आणि मत्स्यतेलाचे कारखाने ती घेतात. कर्नाटकाच्या मंगळूर-उडुपी पट्ट्यात असे अनेक कारखाने आहेत. तेथे तयार होणारी कुटी कोळंबीच्या व कोंबड्यांच्या खाद्यात जाते. गरिबाच्या ताटातील मासळी अशा रीतीने श्रीमंताच्या कोळंबीचे खाद्य बनते.

यातला तोटा साध्या अंकगणिताने कळतो. १० सेंटिमीटरच्या तारलीचे वजन सुमारे दहा ग्रॅम. म्हणजे किलोभर वजनासाठी शंभर मासे लागतात. तीच मासळी १५-१६ सेंटिमीटरची झाली की पस्तीस-चाळीस ग्रॅमची होते. सर्वच शंभर जगत नाहीत. काही इतर मासे खातील, काही रोगाने मरतील. पण निम्मी जरी वाचली तरी एका किलोचे जवळजवळ दोन किलो होतात, शिवाय त्यांतील माद्या अंडी घालून जातात आणि बाजारभावही खाण्याच्या मासळीचा मिळतो. सहकारी मच्छीमार संस्थांच्या सभांत हा हिशेब फळ्यावर मांडण्यासारखा आहे.

अर्थात, प्रत्येक वेळी लहान मासळी ही केवळ हावेचीच खूण असते असेही नाही. २०२४ च्या पावसाळ्यानंतर केरळच्या किनाऱ्यावर लहान तारलीचे इतके अमाप थवे आले की भाव किलोला वीस-तीस रुपयांपर्यंत कोसळला. अनुकूल पावसाळ्यामुळे पिले मोठ्या संख्येने तगली आणि एवढ्या तोंडांना खाद्य अपुरे पडून त्यांची वाढ खुंटली, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. दाट पेरलेल्या रोपांची वाढ खुंटावी, तसाच हा प्रकार. लहान मासा दिसला म्हणजे तो कोवळाच असेल असे गृहीत धरून चालत नाही. अंमलबजावणी करणाऱ्या अधिकाऱ्यांना म्हणून पट्टीबरोबरच त्या वर्षीच्या समुद्राची माहितीही हवी. संस्थेने २०२३ मध्ये तारलीच्या संपूर्ण जनुकीय रचनेचा उलगडा प्रसिद्ध केला आहे. अरबी समुद्राच्या निरनिराळ्या भागांतील थवे एकाच साठ्याचे आहेत की भिन्न, हे ठरविण्यास त्याचा उपयोग होईल आणि एका राज्याने धरलेला संयम शेजारच्या राज्याच्या कामी येतो की नाही, याचा निवाडाही त्यातून होऊ शकेल.

स्वयंपाकघरापर्यंत

आहाराच्या दृष्टीने तारलीचे महत्त्व तिच्या तेलात आहे. ओमेगा-३ वर्गातील मेदाम्ले तीत मुबलक असून ती हृदयाच्या आरोग्यास व बालकांच्या मेंदूच्या वाढीस उपकारक मानली जातात. लहान तारली काट्यासकट खाता येत असल्याने चुनाही मिळतो. तिरफळे घातलेले तिखले असो वा निखाऱ्यावर भाजलेली तारली असो, कोकणी गृहिणीने या तेलाला चवीचा मान दिला आहे.

हेच तेल तिच्या साठवणीतील मोठी अडचण ठरते. हवेशी संयोग होऊन ते लवकर खवट होते आणि उन्हात तासभर उघडी पडलेली तारली पोटाकडून फुटू लागते. पकडल्याबरोबर मासळीइतक्याच वजनाचा बर्फ घालणे हा त्यावरचा खात्रीचा उपाय होय. सुकविण्यासाठीही तेलकट हंगामातील तारली फारशी योग्य नाही. तेल कमी असलेली मासळी स्वच्छ करून, मीठ लावून, वाळूवर न पसरता ओट्यावर किंवा बांबूच्या मांडवावर वाळविली तर ती कित्येक आठवडे टिकते आणि तिला भावही चांगला मिळतो. वाळूत वाळविलेल्या मासळीत कण राहतात, ओल राहते आणि बुरशी धरते. हे काम जवळजवळ सर्वस्वी कोळी व गाबीत स्त्रियांच्या हाती असते. किनाऱ्यावरील अनेक गावांत त्यांना अद्याप पक्का ओटा, सावली आणि पिण्याच्या योग्यतेचे पाणी यांपैकी एकही सोय उपलब्ध नाही. बर्फासाठी तालुक्याच्या गावी जावे लागते आणि भरपूर मासळीच्या दिवशीच तो नेमका अपुरा पडतो.